सुतळी

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात माझा प्रोग्रॅम बसवला
तो शनिवार होता, पगाराचा.
छपाई झाली. बालमणी चिट्याल पावती घेऊन
खिडकीपाशी गेली, उजेडात धरली
आणि म्हणाली, "बाई, हे माझं नाव?
ही तर चौकडीच्या टॉवेलची किनार."

सात चौकोन. एकाला एक चिकटून,
आत काही नाही.
माझ्या यंत्रावर तिथे अक्षरं होती,
देवाशपथ होती,
साखर पेठेत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
मी स्वतः पाहिली होती.

चूक साधी आणि लाजिरवाणी.
अक्षरं मी वापरली, पाठवली नाहीत.
सगळ्यांकडे असतीलच असं धरून चालले,
जशी घरची शेंगाचटणी
पुण्याच्या हॉस्टेलात ताटात असेलच
असं पहिल्या दिवशी वाटतं.

गुंडेटीशेठ म्हणाले, "मग बाजारातला एखादा फॉन्ट टाका की."
टाकून बघितला.
नावं उमटली, पण ल परगावचा, दांडीला टेकलेला,
श ला गाठ नाही,
शेळगीचा पत्ता कुणा पाहुण्याने लिहिल्यासारखा.
मला हवा होता तो ल, दोन पाकळ्या मोकळ्या सोडणारा,
ट्रकच्या फाळक्यावरचा, दवाखान्याच्या पाटीवरचा,
भवानी पेठेतल्या व्यंकटेश म्याकलांनी
चाळीस वर्षं रंगवलेला.
त्यांची वळणं मी कधीच कागदावर घेतली होती,
एकेक बिंदू खेचत, दोन उन्हाळे.
फॉन्ट झाला होता. माझ्यापुरता.

दुसऱ्याला द्यायचा तर विचारायला हवं.
म्याकल टर्पेंटाइनने बोटं पुसत होते.
"अक्षराचे पैसे कधी घेतले मी?
रंगाचे घेतले. उंचीचे घेतले.
शिडीवर चढायचे घेतले."
"तरी लिहून द्या काका. उद्या कुणी ही अक्षरंच
डबीत भरून विकायला बसेल."
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग कॅलेंडरच्या पाठीवर, बारीक ब्रशने:

गठ्ठ्याबरोबर सुतळी जाते तशी जाऊ द्या.
सुतळी सुटी विकू नका.
कुणी पीळ बदलला तर तिला माझं नाव लावू नका.

मी वकिलांचे परवाने वाचलेत, सोळा सोळा पानांचे.
त्यांत याहून जास्त काही नव्हतं.

रात्री प्रोग्रॅमच्या पोटात एक फोल्डर केला.
आता तो उघडला की आधी तिकडे जातो,
आपल्यापुरती अक्षरं अंथरतो,
बंद होताना घडी घालून उचलतो.
त्या यंत्राकडे काही मागत नाही,
कपाटाची किल्लीसुद्धा नाही.
आमच्याकडची माणसं लग्नाला जाताना
चादर घरचीच नेतात, तसं.
ओझं वाढलं तीनशे केबींनी.
कॅलेंडरचा फोटोही आत ठेवला.
कोण उघडून बघणार, तरी.

सोमवारी पावत्या पुन्हा काढल्या.
श ला गाठ. ल च्या पाकळ्या जागेवर.
गुंडेटीशेठ चष्मा वर करून म्हणाले,
"आता आपला कागद वाटतो."
बालमणीने पावती पुन्हा खिडकीपाशी नेली.
मी कौतुकाची वाट बघत उभी.

"बालामनी लिहिलंय," ती म्हणाली.
"ला नाही, ल. आणि न नाही,
ण. बाणातला."

यादी मीच टाइप केली होती.
काना, वेलांटी सगळं धरून
चौकोन सहाच यायला हवे होते.
त्या शनिवारी मोजले असते तर...

तिने माझ्या हातातलं पेन घेतलं,
एक काना खोडला,
आणि म्याकलांच्या न वर
स्वतःचा ण गिरवला,
जरा तिरका,
शाई कागदाच्या पार मागे उमटेल इतका दाबून.